शनीच्या बोटातली अंगठी

टंगस्टन कार्बाइडची अंगठी लहान-मोठी करता येत नाही. एवढी एक गोष्ट ज्याच्या डोक्यात बसली, त्याने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. सोन्याची अंगठी सोनार कापतो, तुकडा काढतो किंवा घालतो, डाग देतो, घासतो आणि संध्याकाळी परत देतो. ही अंगठी भट्टीतून ज्या मापाची निघाली त्याच मापाची शेवटपर्यंत राहते. म्हणून बोटाचं माप संध्याकाळी घ्यावं, कारण सकाळी बोट बारीक असतं. थंडीत घेतलं असेल तर उन्हाळ्यात पुन्हा घ्यावं, कारण नागपूरच्या मे महिन्यात बोटं फुगतात. पट्टी रुंद असेल तर अर्धा नंबर वरचा घ्यावा. आणि माप स्वतः घ्यावं, दुसऱ्याने पाठवलेल्या मापावर विसंबू नये. यातलं शेवटचं मी पाळलं नाही. तरीही अंगठी घेतल्याचा मला पस्तावा नाही, आणि तो मला व्हायला हवा असं ज्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी कोराडीला वीज केंद्रात स्टोअरकीपर आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या वर्कशॉपमधल्या लेथवर लोखंड कापायला जी छोटीशी टिप लागते, ती याच कार्बाइडची. दहा टिपांची प्लास्टिकची डबी येते, काड्यापेटीएवढी, पण हातात घेतली की हात खाली जातो. एकदा एका टर्नरच्या हातून एक टिप सिमेंटच्या जमिनीवर पडली आणि तिचा कोपरा उडाला. ती परत घ्या म्हणून तो माझ्या काउंटरवर आला होता. तेव्हापासून मला माहीत आहे की कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. या अंगठीवर किल्लीने ओरखडा उठत नाही, पण फरशीवर वाईट कोनात आपटली तर तडकू शकते. दुकानदार पहिली गोष्ट सांगतो, दुसरी सांगत नाही.

आमची मुलगी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसातून चाळीस वेळा हात धुते, मोजे घालते, काढते. गेल्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा चंद्रपूरला नोकरीला, स्वभावाने शांत. साक्षगंध, म्हणजे पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते, जानेवारीच्या शेवटी करायचं ठरलं. एके दिवशी जेवताना तिने फोन माझ्यासमोर धरला.

"बाबा, अंगठ्या आम्ही ठरवल्या. दोघांच्या सारख्या. ह्या."

करडा रंग, साधी पट्टी, वर काही नाही.

"हे तर आमच्या स्टोअरमधलं सामान आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्हाला विचारून राहिली. सोन्याची घेतली तर ती कपाटात राहणार. ही मी रोज घालीन."

बायको पोळी वाढत होती. तिने फोनकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून तिने एकच प्रश्न विचारला.

"याचं वजन कोन करीन?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "विकायला गेलं तर याचे शून्य रुपये येतात. वजन करून उपयोग काय?"

"मंग हेच आना," ती म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला गेली.

मुलीला यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि वाचणाऱ्यालाही कळावं म्हणून सव्वीस वर्षं मागे जातो.

आमच्याकडे साक्षगंधात मुलीकडचे लोक मुलाला सोन्याची अंगठी घालतात. ती मापाची कधीच नसते. मोठीच आणतात, आणि आतल्या बाजूने लाल दोरा गुंडाळून घट्ट करतात. पुढे बोट भरतं, दोरा निघतो, किंवा सोनार ती नीट करून देतो. माझ्या साक्षगंधात सासऱ्यांनी आणलेली अंगठी पाच ग्रॅमची ठरलेली होती. माझे वडील लवकर गेले. मोठ्या भावाने मला शिकवलं, शेती सांभाळली, माझं लग्न त्याने जमवलं. पंगत बसली होती. माझ्या पानात जिलबी होती. भाऊ माझ्या मागे आला आणि म्हणाला, "अंगठी दे जरा." मी दिली. रस्त्याच्या पलीकडे सोनाराचं दुकान होतं. भाऊ गेला आणि दहा मिनिटांनी परत आला, आणि पंगतीच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तीन भरली."

सासरे हातात मठ्ठ्याचा जग घेऊन वाढत होते. त्यांनी जग खाली ठेवला आणि जाताना ती अंगठी परत नेली. आठ दिवसांनी ते एकटे बसने आले आणि भावाच्या हातात कागदात गुंडाळलेली दुसरी अंगठी ठेवली. ती पाचची होती. भावाने तीही मोजून आणली.

मी काय केलं? मी जिलबी खाल्ली. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा, नोकरी लागलेला, आकडेमोड येणारा माणूस होतो, आणि मी मान खाली घालून जिलबी खाल्ली. बायकोने या गोष्टीवरून मला कधी बोल लावला नाही. बोल लावला असता तर मला उत्तर तरी द्यावं लागलं असतं.

तर आमच्या मुलीच्या साक्षगंधात कोणीही अंगठी घेऊन सोनाराकडे जाणार नाही, एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी टंगस्टनसारखा दुसरा धातू नाही. लोक ज्याला या अंगठीचा दोष म्हणतात, की तिला मोड नाही, परत विकली जात नाही, गहाण पडत नाही, तोच मला तिचा गुण वाटला.

भावाला कळवलं तेव्हा तो गावाहून मुद्दाम आला. सोफ्यावर बसला, चहा घेतला नाही.

"लोखंडाची अंगठी देतं काय गा तू जावयाले?"

"लोखंड नाही, भाऊ. टंगस्टन आणि कार्बन."

"करडी हाये ना? मंग लोखंडच. लोखंडाची अंगठी कोन घालते? साडेसातीवाला. घोड्याच्या नालीची, शनीच्या बोटात. साक्षगंध हाये का शनीची शांती?"

"मुलगा-मुलगी दोघांनी पसंत केली आहे."

"पोरायले काय कळते? लोक काय म्हनतीन, स्टोअरकीपरनं स्टोअरातला वायसर घातला जावयाले." वॉशरला तो वायसर म्हणतो.

बायको आतून म्हणाली, "वायसर तरी वायसर. मोजाले तर लागत नाही."

भावाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिने काय म्हटलं हे त्याला समजलं की नाही, मला सांगता येत नाही. उठताना मला एवढंच म्हणाला, "तुह्या पोरीचं काम हाये. माह्यं काय."

पण मी हट्टाला पेटलो म्हणून डोळे मिटून वस्तू घेतली असं नाही. अठ्ठावीस वर्षं मी माल तपासूनच उतरवून घेतला आहे. जरीपटक्यात एक दुकान आहे, घड्याळं, पट्टे, चेन आणि अंगठ्या विकणारं. दुकानदार माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड.

"अंकल, एकदम इम्पोर्टेड. लाइफटाइम."

"कोबाल्ट आहे की निकेल?"

"क्या?"

"कार्बाइडची पूड जोडायला आत दुसरा धातू घालतात. तो कोबाल्ट असेल तर अंगठी घामाने काळी पडते, कातडीला खाज येते. निकेल असेल तर बहुतेकांना चालतं. ज्याला निकेल सोसत नाही त्याला तेही चालत नाही."

त्याने डबी उलटीपालटी केली. खाली बारीक अक्षरात निकेल लिहिलेलं होतं. मग त्याने काळ्या रंगाची दाखवली. मी विचारलं, काळा रंग आतपर्यंत आहे का? नाही, वरचा मुलामा. मग तो जाणार. सोनेरी पट्टी मधून गेलेली एक होती, तीही तशीच. मी साधी करडी घेतली. मापात चूक निघाली तर महिन्याच्या आत एकदा बदलून मिळेल, हे मी बिलावर लिहून घेतलं.

"अंकल, आप सरकारी आदमी लगते हो," तो म्हणाला.

"मी स्टोअरवाला आहे," मी म्हणालो.

घरी आल्यावर पहिलं काम वजन. हो, मीच केलं, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर. पण ते सोन्याचं वजन करतात तसं नाही, वस्तू खरी आहे का ते पाहायला. मुलासाठीची भरली सोळा ग्रॅम. मग औषधाच्या सिरिंजने कपातलं पाणी मोजून तिचं आकारमान काढलं, ते एक पूर्णांक एक मिलिलिटर आलं. भागाकार साडेचौदा. स्टील असती तर आठच्या आसपास आली असती, टिटॅनियम तर पाचच्याही खाली. वस्तू खरी होती. मुलीने तिची अंगठी दहा दिवस आधीच घालून पाहिली. हात धुणं, सॅनिटायझर, मोजे, सगळं झालं. खाज नाही, डाग नाही.

एक शंका राहिली होती आणि ती मुलीनेच काढली. दवाखान्यात कोणाचं बोट सुजलं तर अंगठी कापायचं छोटं यंत्र असतं. ते सोनं-चांदी कापतं. या अंगठीवर त्याचं दातेरी चाक नुसतं घासत राहतं. मग बोट सुजलं तर काय करायचं?

यावर लोकांनी घाबरून जायची गरज नाही, पण माहिती पाहिजे. मी सगळ्यात स्वस्त अशी एक तिसरी अंगठी आणली, फोडण्यासाठी. ती मुळ्यावर चढवली. मुळा बोटापेक्षा थोडा जाड होता, तेच पाहिजे होतं. वर्कशॉपमध्ये असतो तसा ग्रिप प्लायर, म्हणजे स्क्रूने जबडा लहान-मोठा होणारी पकड, माझ्या घरीही आहे. त्याचा जबडा अंगठीवर नेमका बसेल असा लावला, सोडला, मागचा स्क्रू पाव फेरा आवळला, पुन्हा दाबला. पुन्हा पाव फेरा. वर फडकं टाकलं होतं, कारण कपचा डोळ्यात जाऊ शकतो. चौथ्या वेळी टक् असा आवाज झाला आणि अंगठीचे तीन तुकडे फडक्यात पडले. मुळ्याची साल जशीच्या तशी.

बायको दारात उभी राहून पाहत होती.

"साक्षगंधाच्या आधी अंगठी फोडून राहिले. तेही मुळ्याच्या बोटातली."

"जावयाचं बोट सुजलं तर?"

"तर तुम्ही जासान काय चंद्रपूरले, हा पाना घेऊन?"

"जाईन," मी म्हणालो. खरंच गेलो असतो. पण त्याऐवजी मी दुसरा ग्रिप प्लायर विकत आणला आणि जावयाला द्यायच्या सामानात, कपड्यांच्या खाली, ठेवला.

एवढं सगळं केलं, आणि माप मात्र स्वतः घेतलं नाही.

झालं असं. मुलाला नंबर विचारला तर त्याने आयुष्यात अंगठी घातली नव्हती. "आईला विचारा," म्हणाला. मी त्याच्या आईला फोन केला, की एका संध्याकाळी येऊन माप घेऊन जातो. त्या हसल्या. "इवाई," व्याह्याला त्या इवाई म्हणतात, "आमच्यात साक्षगंधाच्या आधी पोरीकडच्यायनं पोराच्या बोटाले हात लावू नाही. मी दोऱ्यानं माप घिऊन पाठवतो ना." नवीन सोयरीक. मी भिडेला पडलो. पाकिटातून लाल दोरा आला, गाठ मारलेला. मी तो पट्टीवर तीनदा मोजला, तिन्ही वेळा सहासष्ट मिलिमीटर. म्हणजे आतला व्यास एकवीस. म्हणजे आपल्याकडचा नंबर सव्वीस. भागाकार बरोबर होता. त्या बाईंनी मात्र चार मिलिमीटर जास्त सोडले होते, कारण त्यांच्या आईने तसेच सोडले होते आणि त्यांच्या सासूनेही. दोरा गुंडाळायला जागा नको का? माझ्या मनात हे यायला पाहिजे होतं. माझ्या स्वतःच्या बोटात सहा वर्षं तो दोरा होता, मळून काळा पडलेला.

साक्षगंध कॉलनीच्या हॉलमध्ये होतं. सव्वाशे खुर्च्या सांगितल्या होत्या, एकशे नऊ भरल्या. पाटावर मुलगा-मुलगी बसले. कुंकू लागलं, ओटी भरली, मग अंगठ्या. मुलाच्या आईने मुलाची अंगठी ताटातून उचलली आणि तळहातावर दोनदा झेलली.

"बापा, जड हाये गा. किती ग्रॅमची, इवाई?"

"सोळा," मी म्हणालो.

खुर्च्यांमध्ये कुजबूज झाली. सोळा ग्रॅम म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर सोनं आलं.

"सोळा ग्रॅम टंगस्टन," मी म्हणालो. "विकली तर काही येत नाही. जपून झेला, फरशीवर पडली तर तडकू शकते."

त्यांनी घाईने ती मुलीच्या हातात दिली. मुलीने मुलाच्या अनामिकेत घातली. ती सरळ मुळापर्यंत गेली आणि तिथे गोल फिरली. त्याने नमस्कारासाठी हात खाली केला तशी ती निसटली, फरशीवर पडली, एकदा उसळली आणि घरंगळत खुर्च्यांच्या खाली गेली. सगळा हॉल वाकला. मी सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे ती फुटली का हेच जो तो पाहत होता. एका लहान मुलीने ती आणून माझ्या हातात दिली. मी चष्मा वर करून तिच्या कडेवरून नख फिरवलं. तडा नव्हता. कार्बाइड फुटतंच असं नाही, फुटू शकतं. टर्नरची टिप कोपऱ्यावर पडली होती, ही सपाट पडली.

"ढिली झाली," मुलाची आई म्हणाली. "दोरा गुंडाळा ना. जागा ठिवली होती मी."

तेव्हा मला कळलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या अगदी निरागसपणे माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मला मदतच केली होती.

आणि तेव्हाच भाऊ पुढे आला. त्याच्या खिशात डबी होती. त्याने ती उघडली. आत सोन्याची अंगठी होती, आणि तिला आतून लाल दोरा आधीच गुंडाळलेला होता.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. आवाजात विजय नव्हता, हे मला लिहिलं पाहिजे. काळजी होती. "माह्याकडून घाला हे. पोरीचं काम अडाले नको. वायसर ठेव बाजूले."

हॉलमध्ये सुटकेचा निःश्वास पसरला. मुलाची आई हसली. कोणीतरी म्हणालं, मोठा भाऊ तो मोठा भाऊच. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मुलीने माझ्याकडे पाहिलं. बायकोने पाहिलं नाही. ती ताटातले तांदूळ सारखे करत होती.

"भाऊ, ती अंगठी खिशात ठेवा," मी म्हणालो.

"काहून?"

"कारण ती कोणीतरी मोजेल."

"कोन मोजते? मीच आनली ना."

"माझी तुम्हीच मोजली होती. पंगत बसली असताना. तीन भरली म्हणून माझ्या सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं तुम्ही, आणि मी जिलबी खात बसलो. आज माझ्या घरच्या कामात सोनं येणार नाही. तुमचं नाही, माझं नाही, कोणाचंच नाही. अंगठी मोठी झाली ती माझी चूक. ती बदलून आणेन. आज ती ताटात राहील."

हे मी ओरडून बोललो नाही. मला ओरडता येत नाही. पण एकशे नऊ माणसं गप्प असली की हळू बोललेलंही शेवटच्या खुर्चीपर्यंत जातं.

भावाच्या हातातली डबी उघडीच राहिली. मुलाच्या मामाने घसा खाकरला. माझी मुलगी उठली, माझ्या हातातून अंगठी घेतली, परत पाटावर बसली आणि मुलाला म्हणाली, "हात दे." त्याने दिला. तिने मधलं बोट धरलं आणि अंगठी त्यात सारली. पेरावर जरा अडली, मग बसली. ना ढिली, ना घट्ट. मधल्या बोटाचा घेर अनामिकेपेक्षा नेमका चार मिलिमीटर जास्त होता.

"अवं, शनीचं बोट हाये ते," मुलाची आई म्हणाली.

"असू द्या, आई," मुलगी म्हणाली. "तिथेच बसून राहिली ना."

मुलाने बोट वाकवून पाहिलं, मूठ केली, उघडली. त्या दिवशी तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलला. "आता निघत नाही. राहू द्या."

मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "शनी सोता येऊन बसला, आता कोन नडीन यायले?" आणि लोक हसले, आणि पुढचं काम सुरू झालं. साडेसाती आणली म्हणून माझ्या नावाने आजही आमच्या नातेवाइकांत बोललं जातं. बोलू द्या. महिन्याची मुदत संपायच्या आत मी मुलाला विचारलं, बदलून आणू का, बिलावर लिहून घेतलं आहे. तो नको म्हणाला. मे महिन्यात लग्न झालं, पारा शेहेचाळीसवर होता, मी त्याचं बोट दोनदा तपासलं. साबण लावला की निघते. ग्रिप प्लायर त्याच्या घरी फ्रिजवर ठेवलेला आहे.

साक्षगंधाच्या दिवशी जेवणं झाल्यावर भाऊ मला हॉलच्या मागे हात धुवायच्या नळाशी भेटला.

"तवा काहून नाही बोलला गा?"

"भीती वाटली."

"माही?"

"हो."

तो बराच वेळ हात धूत राहिला. "मले वाटलं, तुले फसवून राहिले ते. तुह्या बाजूनंच मोजली मी."

"माहीत आहे."

"मंग आज सगळ्यायसमोर कायले?"

"तेव्हाही सगळ्यांसमोरच होतं."

त्याने हात झटकले आणि तो गेला. चार महिने त्याचा फोन आला नाही. लग्नाला आला, आहेर दिला, जेवला. आता फोन येतो, पाऊसपाण्याचं बोलतो. त्याने माफी मागितली नाही आणि मीही नाही. मला ती मागायची नव्हती.

साक्षगंधाच्या संध्याकाळी घरी आल्यावर बायको पलंगावर बसून बांगड्या उतरवत होती. ती म्हणाली, "ते दोन ग्रॅम कुठले होते, माहीत हाये तुम्हाले?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. पाचातून तीन गेले की दोन उरतात, एवढाच हिशेब मी केला होता.

"आईच्या कानातली फुलं. बाबानं आठ दिवसात दुसरं कुठून आनलं असतं? तिनं सोताच काढून देल्ली. मंग शेवटलोक कानात झाडूच्या काड्या घालत जाय, छिद्र बुजू नाही म्हनून."

सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या कानातल्या काड्या मी पाहिल्या होत्या. मला वाटायचं, गावाकडच्या बायकांची सवय असेल.

मी न्हाणीघरात गेलो आणि साबण लावून माझी अंगठी काढली. निघायला वेळ लागला, पेरावरचं कातडं सोललं. खाली पांढरी खाच पडली होती. अंगठी आणून मी तिच्यापुढे ठेवली.

"याची फुलं कर," मी म्हणालो.

"साक्षगंधाची अंगठी मोडते काय कोनी?"

"सोनं आहे, मोडता येतं."

इथे मी सोन्यावर अन्याय करणार नाही. टंगस्टनला हे जमलं नसतं. ती अंगठी एकदा अंगठी झाली की अंगठीच राहते किंवा फुटते. तिची फुलं होत नाहीत, कोणाच्या कानातलं काढून घेतलेलं परत कानात घालता येत नाही. ज्याला ती घ्यायची आहे त्याने हेही लक्षात ठेवावं. सोनं वितळतं, म्हणून ते दोन ग्रॅम सव्वीस वर्षांनी परत मिळू शकले.

पुढच्या रविवारी आम्ही इतवारीत तिच्या माहेरच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने अंगठी उलटसुलट केली, "घासली हो बरीच," म्हणाला, आणि काट्याकडे हात नेला. काट्यावर ठेवल्याशिवाय त्याचं काम होत नाही, हे मला समजतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाच्या बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो. समोर एक माणूस हातगाडीवर संत्री रचत होता. मी संत्री मोजली. एका ओळीत नऊ होती.

फुलं पंधरा दिवसांनी आली. ती रोज तिच्या कानात असतात, रात्रीसुद्धा. बिल तिच्या पर्समध्ये आहे. मी ते पाहिलेलं नाही.